माह्या मशीनवरचा तुहा हात

पुष्पे, तुह्या फोटोवरून माहं अन् तुह्या पोरीचं भांडण झालं, ते आधी तुले सांगा लागते.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोनालीनं जो फोटो ठेवला ना, टेबलावर पांढरा कपडा अंथरून, बाजूले मेणबत्त्या लावून, त्यात तुहा उजवा हात पदराखाली आहे. कोणाच्या तरी लग्नातला फोटो. हिरवी साडी, केसात गजरा, अन् हात असा लपवलेला, जसं काही चोरून आणलेलं धरून आहे. मी म्हटलं, "मोने, दुसरा फोटो नव्हता का वं? हाच कायले ठेवला?" तं ती म्हणे, "मावशी, हात गेल्यापासून आईचे सारेच फोटो असे आहेत." मी म्हटलं, मंग हात जायच्या आधीचा ठेव. ती म्हणे, "त्यातली आई मले आपली नाही वाटत." आता याच्यावर काय बोलावं सांग. मी मेणबत्त्या सरळ कराले लागली. 

लोकं आले, सतरंजीवर बसले, वंदना झाली. तुह्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. पुष्पाबाई कष्टाळू होत्या, पुष्पाबाई मायाळू होत्या. मी मनात म्हटलं, अन् हट्टी होत्या हे कोण सांगन? मले बोलाले उभं करत होते तं मी नाही म्हटलं. माह्या डोळ्यातून एक टिपूस नाही आलं. बाया पाहून राहिल्या होत्या माह्याकडे, येवढी जिवाची मैत्रीण अन् रडून नाही राहिली. रडू कशी? मले राग आला होता तुह्यावर. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेली. असं जातं का वं कोणी?

कावीळ अंगावर काढली तू. मी म्हटलं, तुहे डोळे पिवळे दिसून राहिले, तं म्हणे, "चष्मा बदल तुहा." मी म्हटलं, जेवत काहून नाही, तं म्हणे उपास आहे. जन्मात कधी उपास केला नाही तू, अन् मले उपास सांगते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरनं मलेच विचारलं, "इतके दिवस काय करत होत्या?" मी काय सांगू त्याले? म्हटलं, हिले विचारा. तू दुसरीकडे पाहाले लागली.

तुले आठवते का, आपण पहिल्यांदा भेटलो ते? मी भंडाऱ्याची पोरगी, बाप पितळेच्या भांड्यांच्या दुकानात भांडे चमकवाच्या कामावर. चिखलात पाय घातला नव्हता कधी. लग्न होऊन या गावात आली ते ऐन रोवणीच्या तोंडावर. सासूनं दुसऱ्याच हप्त्यात बांधीत, धानाच्या चिखलात, उभं केलं. बाया ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या पुढं आपला आपला पट्टा, ती तिची पात. तुले काय सांगाचं पात म्हणजे काय, पण मले तवा खरंच माहीत नव्हतं. डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी, उजव्या हातानं चिखलात खोचाचं अन् मागं मागं सरकाचं. सारी ओळ सरकत गेली अन् मी एकटी मधातच अडकली. कंबर मोडून राहिली, पाय निघून नाही राहिला, डोळ्यात पाणी. अन् तू माह्या उजव्या बाजूले होती. माह्याकडे पाह्यलं बी नाही. हात लांब केला अन् आपली पात लावता लावता माही बी लावत गेली.

मी म्हटलं, "राहू द्या बाई, मी करते."

तू म्हटलं, "बोलू नको, वाक."

हे तुहं माह्याशी पहिलं बोलणं. सांजच्याले मी तुह्या घरी आली, म्हटलं काहीतरी चांगलं बोलून यावं, तं तू उलटी माह्यावरच चिडली. "कायचे उपकार वं? बाजूची मागं पडली तं तिची पात धरा लागते. उद्या मी मागं पडीन." अन् चहा ठेवला. घरी आली तं सासू दारातच. म्हणे, "त्याइच्या घरी चहा पेली का?" मी म्हटलं, "पेली, अन् एक कप अजून मागून पेली." त्या दिवसापासून सासूनं मले विचारणंच सोडलं.

चिखलात उभं राहाले तू शिकवलं मले. माहे पोट्टे बिमार पडले तं रात रात तू बसली. हे मी तुले कधी तोंडावर बोलून नाही दाखवलं, कारण का बोलली असती तं तू हाकलून दिलं असतं. आता हाकलून दाखव.

मंग हायवेवर ती पोहा मिल सुरू झाली. रोवणी अन् कापणीचे दिवस सोडले तं हाताले काम नसे, अन् इथं बाराही महिने काम, डोक्यावर टिनाचं का होईना पण छप्पर. मालकानं आपल्या गावातल्या रोवणीच्या ओळीतल्या बायाच्या बायाच उचलल्या. अन् तो मूर्ख नव्हता, पुष्पे. त्यानं पाह्यलं होतं. पाहुणे आले का आपल्याले दाखवे, म्हणे, "ह्या साऱ्या एकाच गावच्या. एक थकली तं दुसरी धकवून घेते. मले यांच्यावर माणूस नाही ठेवा लागत." आपल्याले केवढं साजरं वाटे तवा. पदर खोचून अजून जोरानं कामाले लागू.

मशीनवर तू अन् मी बाजूबाजूले. लोखंडाची मोठी परात फिरत राहते, तिच्यात जड चाक, भट्टीतून आलेलं गरम धान चाकाखाली जाते अन् पोहा होऊन बाहेर पडते. परातीले लगदा चिकटतो, तो खरडत राहा लागते. खरं तं मशीन बंद करून खरडाचं. पण बंद केली का सारा घाणा थंडा होते, पोह्याचा चुरा होते, मालक ओरडते. म्हणून कोणी बंद करत नव्हतं. चाकावर बसवाची लोखंडाची जाळी होती, कंपनीनं मशीनसोबतच दिलेली. ती बसवली तं हात आत जात नाही. पण हात गेला नाही तं खरडाचं कसं? म्हणून मालकानं जाळ्या काढून भिंतीले टांगल्या होत्या. आपण त्या जाळ्यांले आपले डबे टांगत होतो. दसऱ्याले मशीनची पूजा झाली का जाळीले बी झेंडूची माळ. हसत होतो आपण, का डब्याची बी पूजा झाली.

त्या दिवशी मी मागं पडली होती. भट्टीवरून गरम धानाची टोपली आणाले गेली, तिथं आधीच बाया उभ्या. इकडं माह्या परातीत लगदा चिकटाले लागला. तू आपली मशीन सांभाळून हात लांब केला, जसा त्या पहिल्या रोवणीत केला होता, अन् माही परात खरडाले लागली. बोटांले चिंध्या बांधल्या होत्या, चटका लागू नये म्हणून आपण साऱ्याच बांधत होतो. चिंधी चाकाखाली गेली. चिंधीमागं बोटं गेले. मी टोपली घेऊन वळली तं तू ओरडून बी नव्हती राहिली. तू म्हटलं, "शाले, बंद कर वं." बटन माह्या बाजूले होतं.

मालकानं सोताच्या गाडीत टाकून तुले नेलं. मी मागच्या सीटवर तुहं मनगट पदरानं आवळून धरून बसली होती, अन् तू सारा रस्ता त्या माणसाले म्हणून राहिली होती, "भाऊ, सीट खराब होऊन राहिली तुमची." मरो ती सीट! पण तू मंग साऱ्या गावाले सांगत फिरली का मालक देवमाणूस आहे, आपल्या गाडीत घेऊन गेला. मी म्हणे, मंग काय बैलबंडीत नेणार होता का तुले? त्याच्या मिलमधी हात गेला ना?

अन् दुसऱ्या दिवशी मी मिलमधी गेली तं जाळ्या मशीनींवर बसवलेल्या, नवे नटबोल्ट लावून. आपले डबे खाली फरशीवर ओळीनं ठेवलेले. तुहा डबा बी होता त्यात. उघडला तं वांग्याची भाजी अन् भात, जसाचा तसा. मी तो घरी नेऊन धुतला. तुले नव्हतं सांगितलं.

अंगठा अन् करंगळी, येवढं राह्यलं हाताले. मधातलं सारं गेलं. पहिले काही महिने तू कोणाले दाखवत नव्हती. मंग एक दिवस माह्या गालाले चिमटा काढला त्या दोन बोटांनी अन् म्हणे, "खेकडा चावला." मी घाबरली, मंग हसली, अन् मंग दोघीबी येवढ्या हसलो का मोनाली बाहेरून धावत आली. राशनच्या दुकानात मशीननं तुहे बोटं ओळखले नाही, तं तू त्या दुकानवाल्याले म्हटलं, "खेकड्याचं राशन नाही का भाऊ तुमच्याकडं?" साऱ्या लाइनीतल्या बाया हसल्या. अन् घरी आल्यावर तू मले म्हटलं, "शाले, माहाच हात, अन् सरकारले ओळखू नाही येत." तवा नाही हसली तू.

साडीच्या निऱ्या तू दाताचा अन् डाव्या हाताचा आधार घेऊन घालाले शिकली. भाजी चिराले शिकली, इळा पायाखाली धरून. पण वेणी नाही घालता आली. वेणीले दोन हात लागतात. मी रोज सकाळी मिलमधी जाताना तुह्याकडं येऊ अन् तुही वेणी घालून देऊ. मोनाली होती ना घरी, साकोलीच्या कपड्याच्या दुकानात कामाले तं ती उशिरा जाये. पण तू म्हणे, "पोरीचा हात जड आहे." खोटं बोलत होती तू. मी यावं म्हणून.

अन् आपले सारे भांडणं त्या वेणीतच झाले. तू पुढं तोंड करून बसलेली, मी मागं, तुहे केस माह्या हातात. तुले उठून जाता येत नव्हतं, अन् मले सोडून जाता येत नव्हतं. हाताच्या भरपाईची केस टाकली होती आपण, तं मालकानं सांगून पाठवलं होतं, का केस मागं घेत असशीन तं पॅकिंगमधी बसवतो, पाकिटावर स्टिकर लावाचं काम, जन्मभर. तू म्हणे, "मले तं कामच पाहिजे ना. घरी बसून मले माही मीच नकोशी होऊन राहिली." मी म्हणे, "काम बी पाहिजे अन् भरपाई बी पाहिजे, एक देऊन दुसरं काहून घ्यावं?" तू म्हणे, "तुहं तोंडच मोठं." मी म्हणे, "मान हलवू नको, भांग वाकडा होते."

तू कदाचित ऐकलं असतं त्याचं. केस मागं घेतली असती. पण मंग केसमधी मालकाचं लेखी उत्तर आलं.

आपल्या वकील मॅडमनं आपल्याले भंडाऱ्याच्या कामगार ऑफिसबाहेर, पायरीवर बसवून ते समजावून सांगितलं. मालकाचं म्हणणं असं, का पुष्पाबाईची मशीन वेगळी होती. ज्या मशीनवर हात गेला ती दुसऱ्या बाईची. तिथं जायचं त्यांचं काम नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, त्या आपल्या मनानं आगाऊपणा करून गेल्या. अन् जाळ्या तं लागलेल्याच होत्या. मी शिव्या द्याले लागली.  बस कारधाच्या पुलावर आली, वैनगंगा खालून चालली होती, तवा तू खिडकीकडं पाहून म्हटलं, "आगाऊपणा?"

 मले ठाऊक आहे पुष्पे, बोटं गेले त्याच्यापेक्षा तो शब्द तुले जास्त लागला. त्या दिवसापासून तुले ना स्टिकर पाहिजे होते ना भरपाई. तुले येवढंच पाहिजे होतं का कोणीतरी म्हणावं, ही बाई काम करून राहिली होती.

अन् ती दुसरी बाई मीच होती. मशीन माही होती. डबा माहा टांगला होता त्या जाळीवर. मॅडमनं स्पष्ट सांगितलं, "चुकून हात गेला तरी हक्क जात नाही. ती कामावर होती, येवढंच सिद्ध करा लागते. अन् पाहणाऱ्या तुम्ही." मी म्हटलं, उद्या उभी करा. पण तू आडवी आली. "नाही म्हणजे नाही. तू साक्ष दिली का तुहं काम गेलं. तुह्या घरी दोघं शिकून राहिले. माहा हात तं गेलाच, आता तुहा कायले?" मी म्हटलं, "काय वं, दुसऱ्याची पात तू एकटीच धरशीन का जन्मभर?" तू म्हटलं, "ती रोवणी होती." मी म्हटलं, "अन् हे काय आहे मंग?" रोज सकाळी हेच. तारीख आली का तू म्हणे, पुढची घेऊ. मॅडमले तू दोनदा सांगून आली, का शालूबाईले बोलावू नका. मले मागून समजलं. त्या दिवशी मी तुही वेणी येवढी घट्ट घातली का तुहे डोळे तिरपे झाले.

दवाखान्यात बी तेच. तुले सलाइन लागलेली, तोंड सुकलेलं, अन् मले म्हणे, "केस विंचर." मी पलंगावर बसून तुहं डोकं मांडीवर घेतलं. तुहे केस किती विरळ झाले होते, मी पाह्यलंच नव्हतं का काय, रोज हातात असून. मी म्हटलं, "बरी हो, मंग दोघी जाऊ तारखेले." तू म्हटलं, "तू नाही येजो." मी म्हटलं, "येईन." तू म्हटलं, "माही शपथ." मी म्हटलं, "तुही शपथ मी आजवर किती वेळा मोडली, मोज." तू हसली. मी म्हटलं, "हे पाह पुष्पे, मी नाही बोलली तं जन्मभर त्या कागदात तू आगाऊ राहशीन. चालते का तुले? बोल." मी जिंकून राहिली होती वं.  अन् पाहते तं तू झोपलेली. मी म्हटलं, झोपू दे, उठली का विचारते. वेणी पुरी केली, टोकाले रबर लावलं.

तू नाही उठली.

मालक आला होता तुह्या पुण्यानुमोदनाले. पांढरे कपडे घालून आला, सतरंजीवर मागच्या लाइनीत बसला. खोटं कायले सांगू, त्याच्या डोळ्यात पाणी होतं, अन् ते खरं होतं. जाताना मोनालीले बाजूले घेऊन म्हणे, "बेटा, तुह्या आईले मी बहीण मानलं. आता कोर्टकचेरीत कायले पडते, आपण घरातल्या घरात मिटवून टाकू." मोनाली माह्याकडं आली. म्हणे, "मावशी, काय करू? मॅडम म्हणते आईच्या जागी मी केस चालवू शकते." मी म्हटलं, "बाई, तुही आई, तुही केस. पैसा लागते तुले, मिटवलं तं कोणी नाव नाही ठेवणार." मी खरंच तसं म्हटलं, पुष्पे. तुह्या पोरीवर मी जोर नाही केला. तिनं तुह्या फोटोकडं पाह्यलं, त्या पदराखालच्या हाताकडं. मंग म्हणे, "माह्या आईनं आगाऊपणा नव्हता केला."

तिच्यात तू आलेली आहे. तोच हट्ट.

मागच्या हप्त्यात तारीख होती. मोनाली अन् मी सकाळच्या एसटीनं गेलो. माहे हे म्हणत होते, विचार कर. मी म्हटलं, विचार पुष्पीनं केला तेवढा बस झाला. कारधाचा पूल आला तवा मी खिडकीतून नाही पाह्यलं.

कोर्टासारखं नसतं ते ऑफिस, एक मोठी खोली, पंखा, टेबलामागं साहेब, बाजूले टाइप करणारी पोरगी. मालक एका बाकावर, मी दुसऱ्या. त्याच्या वकिलानं आवाज नाही चढवला, साजरं विचारलं. म्हणे, "ती मशीन कोणाची?"

मी म्हटलं, "माही."

"पुष्पाबाईंना तुमच्या मशीनवर हात घालायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

वकील खाली बसाले लागला. आपल्या मॅडमनं डोळे मिटले. मोनाली माह्याकडं पाहून राहिली, जसं काही मी तिले विकून टाकलं. मले बी वाटलं, गेलं आता सारं.  मंग साहेबानंच विचारलं, "कोणी सांगितलं नव्हतं, तर मग त्यांनी हात का घातला?"

मी म्हटलं, "मी मागं पडली होती म्हणून."

साहेब म्हणे, "म्हणजे?"

मंग मी सांगितलं. अडखळत सांगितलं, साहेबाकडं न पाहता, तुह्याशी बोलल्यासारखं. रोवणीचं सांगितलं. बाजूची मागं पडली का तिची पात धरा लागते, कोणी सांगत नाही, सांगाची वाट पाहिली तं ओळ मोडते. मिलमधी बी आम्ही तसंच करत होतो, रोज. म्हटलं, मालकाले माहीत आहे हे. एक थकली का दुसरी धकवते, म्हणून त्यांनी एका गावच्या बाया ठेवल्या, आल्यागेल्याले ते हेच सांगत. ते काम त्यांले पाहिजे होतं तवर ते काम होतं साहेब, हात गेल्यावर आगाऊपणा झाला. अन् जाळी भिंतीवर होती. माहा डबा तिच्यावर टांगला होता, पुष्पीचा बी. मी मालकाकडं पाह्यलं. त्यानं मान खाली घातली. तो नाही म्हणू शकला असता. नाही म्हटला नाही, येवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

त्या पोरीनं सारं टाइप केलं अन् मले वाचून दाखवलं. "मयत पुष्पाबाई त्या वेळी काम करत होत्या." मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं साहेबाकडं पाह्यलं अन् पुन्हा वाचलं. निकाल अजून यायचा आहे, तारीख पुढची आहे. काय होईन ते मले नाही माहीत. पण ते वाक्य तिथं आहे आता, अन् ते माह्या तोंडचं आहे.

अन् तू म्हणत होती तसंच झालं, खूश हो. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर चौकीदारानं मले थांबवलं. म्हणे, "शालूताई, सध्या काम कमी आहे, बोलावणं येईन तवा या." त्याले बिचाऱ्याले माह्याकडं पाहता नव्हतं येत. बाकीच्या बाया बाजूनं आत गेल्या, मान खाली घालून. मले त्याइचा राग नाही आला. घरी पोट्टे आहेत त्याइच्या बी. मॅडम म्हणते साक्ष दिली म्हणून काढता येत नाही, त्याचं बी पाहू. पाहीन. पण एक ऐक, आतमधी गेलेल्या एकीनं मले सांगितलं, का जाळ्या अजून मशीनींवरच आहेत, अन् भिंतीले आता खिळे ठोकले आहेत, डब्यासाठी.

मिल नाही तं मंग काय करू, रोवणी सुरू आहे. काल मी बांधीत उतरली, किती वर्षांनी. पाय चिखलात गेले अन् कंबर बोंबलाले लागली. बायाइनं ओळ धरली. आता माह्या उजव्या बाजूले कोण उभं राहते, तं कोणीच नाही. कोणी ठरवलं नव्हतं, पण तिथं एका पातीची जागा सोडूनच पलीकडची उभी राह्यली. ती बी रोवणीची जुनी, तुले ओळखे. पेंडी हातात घेऊन आम्ही दोघी त्या रिकाम्या पट्ट्याकडं पाहत राह्यलो. मागून बांधीची मालकीण ओरडली, "काय झालं वं, थांबल्या काहून?"

पलीकडची माह्याकडं पाहून म्हणे, "बोलू नको, वाक."

तुहंच बोलणं, पुष्पे. तिनं तुह्याकडूनच उचललं असन कवातरी. मी वाकली. अर्धी तुही पात मी धरली, अर्धी तिनं. सरकत सरकत बांधापर्यंत आलो, वर चढलो, कंबरेवर हात ठेवून पाह्यलं. सारी बांधी लागलेली, इथून तिथून एकसारखी. त्यात तुही पात कोणती, ते मले ओळखू नाही आलं.

तवा मले रडू आलं वं.